शनिवारचे खून आणि मॅडम

मॅडमच्या निधनानंतर आमच्या मंडळाच्या वार्तापत्रात चौकटीत जो मजकूर छापून आला, त्यात त्यांना ‘प्रेमळ, मनमिळाऊ आणि सर्वांच्या लाडक्या’ असे म्हटले आहे. या तिन्ही विशेषणांना माझी हरकत आहे. ती मी संपादकांना रीतसर पत्राने कळवली. उत्तर आले नाही, म्हणून हे लिहिणे भाग पडले. मृत व्यक्तीची बदनामी होऊ शकत नाही, असे इकडचा, म्हणजे अमेरिकेतला, कायदा मानतो. ती होऊ शकते, असे आपला कायदा मानतो. या एका बाबतीत मी आपल्या कायद्याच्या बाजूचा आहे. मॅडमना प्रेमळ म्हणणे ही त्यांची बदनामी आहे, आणि ज्या माणसाने त्यांचा वर्षानुवर्षे मनापासून राग केला त्याने ती खपवून घ्यावी, अशी अपेक्षा कोणी करू नये.

पुण्याच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि मुलाकडे नेपरव्हिलला आल्या. त्याच सुमारास मीही साताऱ्याची वकिली आवरून माझ्या मुलाकडे आलो. आमच्यासारखी आणखी दहा-बारा माणसे तेव्हा त्या गावात होती. मुलांनी तिकिटे पाठवून आणवलेली, गाडी चालवता न येणारी, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत खिडकीतून बर्फ बघत बसणारी. शनिवारी दुपारी मुले-सुना आम्हांला श्रीकांतच्या घरी आणून सोडत आणि आठवड्याच्या खरेदीला निघून जात. श्रीकांत इंजिनिअर. त्याची बायको मेधा एका इस्पितळाच्या फार्मसीत कामाला. श्रीकांतचे आईवडील, म्हणजे माई आणि अण्णा, आमच्यातलेच. (ही सर्व नावे मी बदललेली आहेत.) त्या घराचे बेसमेंट प्रशस्त होते. तिथे मॅडम आम्हांला खून वाचून दाखवीत.

खून म्हणजे इंग्लंडमधला, जुन्या पद्धतीचा, चहाच्या वेळेच्या आसपास झालेला. अमेरिकेतल्या खुनांविषयी त्यांना काडीचा आदर नव्हता. “इकडे पिस्तूल काढतात आणि मारतात. त्यात वाचायचं काय?” असे त्या म्हणत. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयातून त्या इंग्रजी कादंबरी आणीत, ती मांडीवर उघडी ठेवीत आणि तोंडाने थेट मराठी बोलत. नजर इंग्रजी ओळीवर, कानांवर येणारे मराठी, आणि मध्ये क्षणाचीही खीळ नाही. बटलरला त्या बटलरच म्हणत. त्याला खानसामा म्हणावे, अशी सूचना आमच्यातल्या रेग्यांनी एकदा केली. रेगे बँकेतून निवृत्त झालेले. मॅडमनी पुस्तकावरून मान वर केली. “रेगे, तुम्ही बँकेत ड्राफ्टला हुंडी म्हणत होतात का?” रेगे पुढचे दोन शनिवार गप्प होते. ही त्या बाईंची मनमिळाऊ वृत्ती.

त्यांच्या वर्गाला शिस्त होती. वर्गच म्हणतो, कारण आम्हांला त्यांनी श्रोते कधी मानलेच नाही. प्रकरण संपल्याखेरीज उठायचे नाही. चहा मध्ये यायचा नाही. बेसमेंटच्या कोपऱ्यातली घर तापवण्याची भट्टी घरघरू लागली, की मॅडम वाचन थांबवीत आणि ती बंद पडेपर्यंत तशाच बसून राहत. यंत्रावर आवाज चढवणे त्यांना कमीपणाचे वाटे. बाहेर शून्याखाली वीस, आणि पुढे काय झाले म्हणून माना लांब करून बसलेलो आम्ही. अण्णा एकदा म्हणाले, “मॅडम, थर्मोस्टॅट खाली करू का? थंडीनं मेलो तरी चालेल, पण त्या कर्नलला विष कोणी दिलं ते सांगा.” मॅडम म्हणाल्या, “खुनाला घाई चालत नाही, अण्णा. तुमच्याही आणि त्याच्याही.” अण्णा पोट धरून हसले. आमच्यातले तेच एक मॅडमना अजिबात भ्यायचे नाहीत.

माझे आणि त्यांचे भांडण तत्त्वाचे होते. मॅडमची शिकवण अशी, की संशय सगळ्यांवर सारखा घ्यावा, म्हणजे कोणावरच अन्याय होत नाही. माझे म्हणणे, की पुरावा पुढे येईपर्यंत संशय कोणावरही घेऊ नये. सुसंस्कृत जगाचा कायदा याच एका खांबावर उभा आहे. शिवाय त्या कादंबऱ्यांत कायद्याची जी विटंबना चाले, ती मला सहन होत नसे. मृत्युपत्रावर ज्याची सही साक्षीदार म्हणून आहे, त्यालाच त्यातून इस्टेट मिळते! शेवटच्या प्रकरणात सर्वांना दिवाणखान्यात गोळा करायचे, डिटेक्टिव्हने तासभर भाषण करायचे, आणि गुन्हेगाराने पोलिसांसमोर कबुलीजबाब देऊन टाकायचा! मी उभा राहून सांगितले, की पोलिसांपुढच्या असल्या कबुलीला आपल्या पुराव्याच्या कायद्यात शून्य किंमत आहे.

“वकीलसाहेब,” मॅडम म्हणाल्या, “तो बिचारा डेव्हनशायरमध्ये मेलाय. सातारा जिल्ह्यात नाही. बसा खाली.”

मी खाली बसलो आणि वार्तापत्राला पत्र लिहिले. ज्येष्ठ नागरिकांना संशयाचे व्यसन लावणाऱ्या या उपक्रमावर मंडळाने नियंत्रण ठेवावे, अशी मागणी त्यात होती. पत्र छापले गेले. पुढच्या शनिवारी मॅडमनी ते कादंबरीच्या आधी सर्वांसमोर वाचून दाखवले, घडी घातली आणि निकाल दिला: “भाषा चांगली. रचना बरी. मुद्दा नाही. दहापैकी चार.” त्यानंतर मी लिहिलेल्या प्रत्येक पत्राला त्यांनी गुण दिले. पाचाच्या वर त्या कधी गेल्या नाहीत.

एक गुण मात्र मी त्यांच्या पदरात घालतो, कारण तो पुढच्या हकिकतीला आवश्यक आहे. पुस्तकात असेल तेच त्या सांगत. एका कादंबरीत म्हाताऱ्या बाईंचा कुत्रा विषाचा तुकडा खाऊन मेला. माईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्या काकुळतीने म्हणाल्या, “मॅडम, कुत्र्याला तरी वाचवा हो. कोणाला कळणार आहे?” मॅडमनी साफ नकार दिला. “लेखकानं मारलेला कुत्रा मी जिवंत करायची नाही, माई. तो अधिकार माझा नाही.” मी त्यांचा उघड शत्रू, पण त्या दिवशी मला वाटले, की साक्षीदार असावा तर असा.

मेधाशीही त्यांचे वागणे कोरडेच होते. शनिवारी कामाला सुट्टी असली, की ती आमच्यासाठी चहा करी आणि प्रकरण संपायची वाट बघत कपांचा ट्रे घेऊन जिन्यात थांबे. मॅडमना ते खपत नसे. “मेधा, एक तर आत येऊन बैस, नाहीतर वर जा. जिन्यात उभं राहून ऐकणारी माणसं कादंबरीत असतात.” बिचारी लाल होऊन वर जाई. सुनेला सगळ्यांदेखत असे बोललेले अण्णांना आवडत नसे. ते मागून हाक मारीत, “मेधा, माझं दूध मात्र विसरू नकोस गं बाई रात्री!” रोज झोपताना जायफळ घातलेले दूध तिच्या हातचे घ्यायचे, हा त्यांचा नेम होता, आणि तो ते चारचौघांत अभिमानाने सांगत.

त्या हिवाळ्यात जी कादंबरी चालू होती, तिचे नाव मी देणार नाही. परदेशी प्रकाशकाशी पत्रव्यवहार करण्याचे माझे वय आता उरलेले नाही. गोष्ट अशी: एका मोठ्या घरातला वृद्ध मालक सकाळी बिछान्यात मृत आढळतो. डॉक्टरला शंका येते. म्हाताऱ्याला रोज रात्री गरम दूध नेऊन देणारी त्याची सून. मी तिकडच्या कायद्यातल्या चुका काढण्यासाठी दुसऱ्या गावच्या ग्रंथालयातून तेच पुस्तक मागवून आधीच वाचून काढले होते, आणि शेवट न सांगता तसे रेग्यांना ऐकवलेही होते. खून सुनेनेच केला होता. दुधातून. मॅडमचे फक्त शेवटचे प्रकरण वाचायचे राहिले होते, आणि त्याच आठवड्यात अण्णा गेले.

पहाटे माईंना जाग आली तेव्हा अण्णा गार पडले होते. त्या घरातल्या तिघांनी त्यानंतर जे केले, ते आपल्यापैकी कोणीही केले असते. माई म्हणाल्या, “त्यांना आधी खाली घ्या.” श्रीकांत आणि मेधाने त्यांना बिछान्यावरून उचलून जमिनीवर, चादरीवर ठेवले. देवघरातल्या गडूचे झाकण फोडून गंगेचे पाणी तोंडात घातले. स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कुंडीतले तुळशीचे पान जिभेवर ठेवले. अंग पुसून धूतवस्त्र नेसवले. काढलेले कपडे आणि पलंगपोस माईंच्या सांगण्यावरून मेधाने धुवायच्या मशीनमध्ये टाकले. मग श्रीकांतने पोलिसांना फोन केला. अण्णांचा इकडे कोणी डॉक्टर नव्हता. पाहुण्या आईबापांना कोणाचा असतो? ओळखीतला कोणी डॉक्टर पार्टीत भेटला की रक्तदाब बघून घ्यायचा, एवढीच आपली व्यवस्था. त्यामुळे दाखल्यावर सही करणारे कोणी नव्हते.

श्रीकांतचा मला फोन आला. “काका, लगेच याल का? पोलीस आलेत. ते मेधाला क्वेश्चन करतायत.” माझ्या मुलाने मला तिथे पोहोचवले. तरुण पोलीस अधिकारी वही घेऊन उभा होता, आणि त्याच्याबरोबर कॉरोनरचा, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचा माणूस. त्या पोलिसाच्या बाजूने बघा. प्रेत हलवलेले आहे. धुतलेले आहे. कपडे मशीनमध्ये फिरत आहेत. तोंड ओले आहे, आणि ओठांशी कसले तरी हिरवे पान आहे. तोंडात काय घातले, असे त्याने विचारले. मेधा इंग्रजीत म्हणाली, की पवित्र पाणी. कुठल्या बाटलीतले? तिने झाकणाची डाक फोडलेला, नावनिशाणी नसलेला तांब्याचा गडू त्याच्या हातात दिला. तुम्ही काम कुठे करता? फार्मसीत. मी त्याला आपले सारे विधी एकेक करून समजावून सांगितले. त्याने ते नम्रपणे लिहून घेतले आणि गडूही नेला, अण्णांनाही नेले. त्या अधिकाऱ्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. त्याच्या जागी मीही तेच केले असते.

माझी तक्रार बेसमेंटविरुद्ध आहे. देह तिसऱ्या दिवशी परत मिळाला आणि अंत्यसंस्कार झाले. तपासण्यांचा अहवाल यायला मात्र काही आठवडे लागतील, असे सांगण्यात आले. एवढा अवधी आमच्या मंडळींना पुरेसा होता. “मी काही म्हणत नाही हो,” रेगे मला फोनवर म्हणाले, “पण ती औषधांतली आहे. आणि कपडे धुवायची एवढी घाई कसली?” मी म्हणालो, “रेगे, हेच वाक्य कागदावर लिहून सही करून द्या, म्हणजे मी तुमच्यावर फिर्याद लावतो.” त्यांनी फोन ठेवला आणि तेच वाक्य दुसऱ्या कोणाला तरी ऐकवले. मंडळाची वार्षिक सभा झाली. प्रत्येक घरातून एक पदार्थ, अशी पद्धत. मेधाने मसालेभात आणला होता. बाकीच्या भांड्यांचे तळ खरवडून झाले. मसालेभाताला कोणाचा चमचा लागला नाही. मी दोनदा वाढून घेतला. माझ्या एकट्याच्या खाण्याने ते पातेले रिकामे होणार नव्हते. सभा संपल्यावर मेधा ते दोन्ही हातांनी उचलून गाडीकडे गेली, आणि श्रीकांत डिकी उघडून खाली बघत उभा राहिला.

त्याहून वाईट ते पुढेच होते. माईंनी स्वतःचा चहा स्वतः करायला सुरुवात केली. कोणी काही विचारले तर म्हणत, “मला हल्ली कमी साखरेचा लागतो.” एकाच छपराखाली, एकाच ओट्यापाशी, सून उभी असताना सासू स्वतःचे आधण वेगळे ठेवी. श्रीकांत मला म्हणाला, “काका, मेधा आता बोलतच नाही घरात. परवा म्हणाली, मी काही दिवस बहिणीकडे जाते. ती गेली ना, तर परत येईल असं मला वाटत नाही.” अहवाल येईपर्यंत ते घर टिकेल की नाही, एवढाच प्रश्न आता उरला होता.

आणि अशा वेळी माईंनीच मॅडमना निरोप पाठवला, की कादंबरीचे राहिलेले प्रकरण वाचून पूर्ण करावे. माईंना शेवट ऐकायचा होता. तो का ऐकायचा होता, हे मला कळले तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पत्र न लिहिता मॅडमना फोन केला.

“ते पुस्तक बंद करा, मॅडम. मी ते वाचलं आहे.”

“असं? मग कोणी केलाय खून?”

“तुम्हांला ठाऊक आहे. हे सगळं विष तुमच्या वर्गात कालवलं गेलं. दोन हिवाळे तुम्ही या माणसांना सुनेच्या हातातल्या कपाकडे बघायला शिकवलंत.”

“मी सगळ्यांकडे बघायला शिकवलं होतं,” त्या म्हणाल्या. “ते एकीकडेच बघताहेत. नापास झालाय सगळा वर्ग.”

“मग बंद करा.”

“अर्धवट सोडलेलं पुस्तक लोक आपापल्या मनात पूर्ण करतात, वकीलसाहेब. ते कसं पूर्ण करतील, ते तुम्हीच सांगा. शनिवारी वेळेवर या. पुढे बसा,” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या शनिवारी एकही खुर्ची रिकामी नव्हती. मॅडम आल्या, पुस्तक उघडले आणि म्हणाल्या, “मेधा वर आहे ना? तिला खाली बोलवा.” मेधा जिन्यात येऊन थांबली. “जिन्यात नाही. इथे. माझ्याजवळ.” ती येऊन खुर्चीच्या कडेवर बसली. तिचे हात मांडीवर इतके घट्ट धरलेले होते, की मला दुसरीकडे बघावे लागले. माई तिच्या बरोबर समोर होत्या.

मॅडमनी वाचायला सुरुवात केली. डिटेक्टिव्हने घरातल्या सर्वांना दिवाणखान्यात जमवले. पुस्तकातही तसेच होते. त्याने एकेकाचे नाव घेतले, एकेकाचा हेतू सांगितला. तेही तसेच होते. मॅडमनी पान उलटले. आणि मग त्यांच्या तोंडून जे मराठी येऊ लागले, त्यातले एक अक्षरही त्या पानावर नव्हते. डिटेक्टिव्ह म्हणाला, की या घरात खून झालेला नाही. म्हाताऱ्याचे काळीज थकले होते आणि ते झोपेत थांबले. “पण तुम्हांला कोणीतरी दोषी हवं आहे,” डिटेक्टिव्ह म्हणत होता, “कारण तो जिवंत असताना रात्री जिना चढून त्याच्या खोलीत कोण जात होतं? तुमच्यापैकी कोणी नाही. एकटी ती जात होती, दूध घेऊन. जे गेले नाहीत त्यांच्यावर संशय येत नाही. संशय येण्यासाठी आधी माणसाजवळ जावं लागतं.” मॅडम योग्य अंतराने पाने उलटत होत्या. भट्टी मध्येच घरघरू लागली. त्या थांबल्या नाहीत. त्यांनी आवाज चढवला.

पुस्तक मिटल्यावर रेगे उसळले.

“म्हणजे खून झालाच नाही? ही कसली डिटेक्टिव्ह कादंबरी, मॅडम? आम्ही काय इतके दिवस उगाच बसलो?”

“हो,” मॅडम म्हणाल्या. “उगाच बसलात.”

रेगे माझ्याकडे वळले. “वकीलसाहेब, तुम्ही हे पुस्तक वाचलंय, असं मागे म्हणाला होतात. खरं सांगा. शेवट असाच आहे?”

साऱ्या माना माझ्याकडे वळल्या. मेधाही बघत होती. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. चष्म्याची काच पदराने पुसत बसल्या होत्या, जणू या साक्षीशी त्यांचा संबंधच नव्हता. पस्तीस वर्षे मी साक्षीदारांना पिंजऱ्यात उभे केले. त्या बाईने मला न विचारता, समन्स न बजावता, भर बेसमेंटमध्ये त्याच पिंजऱ्यात उभे केले होते. इतका संताप मला त्याआधी कधी आला नव्हता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मॅडमनी आज जे सांगितले, ते मी लक्षपूर्वक ऐकले. त्यातला एक शब्दही बदलावा, असे मला वाटत नाही.”

रेगे म्हणाले, “संपलं मग,” आणि कोट शोधू लागले. मेधा उठून वर गेली. तिने चहा केला. ट्रे फिरला तेव्हा दोघा-तिघांना अचानक उशीर झाला. माईंनी कप उचलला, दोन्ही हातांत धरला आणि सगळा चहा संपवला.

अहवाल पुढच्या महिन्यात आला. हृदयविकार, गडूतले पाणी म्हणजे पाणी. तो आल्याबरोबर सगळ्यांना एकदम आठवले, की आपल्याला असे काही कधी वाटलेच नव्हते. सरकारी शिक्का बघून विश्वास ठेवणाऱ्यांविषयी मला जे म्हणायचे होते, ते मी वार्तापत्राला लिहिले होते. त्यांनी ते छापले नाही.

मॅडमना मी त्या शनिवारीच गाडीची वाट बघताना गाठले होते. अंगणात वितळलेल्या बर्फाचा चिखल होता. मी म्हणालो, “तुम्ही खोटं वाचलंत. आणि मला त्यात ओढलंत. मी हे विसरणार नाही.”

“विसरू नका,” त्या म्हणाल्या. “तुमचं आजचं वाक्य मात्र चांगलं होतं. सात.”

त्यानंतर वर्षभरात त्यांच्या मुलाने सनीव्हेलला नोकरी धरली आणि त्या तिकडच्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेल्या. तिथे बेसमेंट नव्हते, हिवाळा नव्हता, आणि ऐकून घेणारे कोणी नव्हते, असे त्यांनी कळवले. आमचा पत्रव्यवहार चालू राहिला. तो कधी गोड झाला नाही. शेवटच्या आजारात मी फोन केला, तेव्हा विचारले, की त्या कादंबरीचा खरा शेवट लोकांना सांगायचा की नाही. “मी गेल्यावर सांगा,” त्या म्हणाल्या. “पण आधी त्या घराला विचारा.”

त्याप्रमाणे हे लिहिण्याआधी मी श्रीकांतच्या घरी गेलो. मेधाने सगळे ऐकून घेतले. डोळे पुसून ती हसली आणि म्हणाली, “लिहा, काका. पण हेही लिहा, की नंतरसुद्धा त्या माझ्याशी कधी नीट बोलल्या नाहीत. सनीव्हेलला आम्ही भेटायला गेलो, तर म्हणाल्या, तू जाड झालीस.” ते मी लिहिले आहे. मग मी माईंकडे वळलो. त्या आता फार थकल्या आहेत. त्यांना हे सांगणे कठीण होते, कारण त्या दिवशी फसवणूक मुख्यतः त्यांचीच झाली होती. शक्य तितक्या सौम्य शब्दांत मी सांगितले, की मॅडमनी वाचला तो शेवट त्या पुस्तकात नव्हता.

“मला माहीत आहे की,” माई म्हणाल्या.

“कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? मी समोर बसले होते. पानं उलटत होत्या, पण वाचायचा चष्मा मांडीवर काढून ठेवला होता. आणि बघत होत्या सारख्या माझ्याकडे.”

मी विचारले, की मग त्यांनी तेव्हाच तसे का म्हटले नाही.

“काय म्हणणार?” माई म्हणाल्या. “कुत्र्याला वाचवा म्हटलं, तर वाचवलं नाही त्या बाईनं. आणि माझ्यासाठी एवढं खोटं बोलत होती. तुम्हांला वाटत असेल मेधासाठी; मेधाला काय, तिला खरं माहीतच होतं. मला माहीत नव्हतं.”

आतून मेधाने विचारले, की चहा टाकू का. माई म्हणाल्या, “टाक. त्यांनाही दे.” आणि मला म्हणाल्या, “लिहा तुम्ही. माझं नाव बदललं नाहीत तरी चालेल.”